बिनतिखटाची आमटी

बाबांच्या श्राद्धाला कोपरीला मोठ्या काकूकडे आमटी बिनतिखटाची असायची. बाबा आतड्याच्या कॅन्सरने गेले, पण त्याआधी दोन वर्षं त्यांना रक्त जात होतं आणि घरात सगळे त्याला मूळव्याध म्हणत होते. मूळव्याध म्हणजे तिखट, आणि तिखट म्हणजे आई, कारण ती देशावरची. "हिच्या ठेच्याने गेला माझा दीर," असं काकू अठरा वर्षं पानं वाढता वाढता म्हणत आली. आई मान खाली घालून जेवायची. मी दातओठ खायचे.

यंदा श्रावणात माझा रिपोर्ट आला. माझ्या मोठ्या आतड्यात शेकड्यांनी गाठी होत्या आणि त्यांचं मूळ बाबांच्या घराण्यातून आलेल्या दोषात होतं. मोठे काका तरुणपणीच अपघातात गेलेले, त्यामुळे त्यांच्यात तो होता की नाही ते कोणालाच कळलं नाही. डॉक्टरांनी कागदावर घराण्याची वंशावळ काढली, काकांच्या मुलापुढे प्रश्नचिन्ह टाकलं आणि म्हणाले, "त्याला लगेच तपासायला सांगा. उशीर नको." तशी चिठ्ठीही दिली.

माझं आतडं काढायचं ठरलं होतं, तरी त्या दिवशी मला आनंद झाला. चिठ्ठी मी पर्समध्ये ठेवली. मला पित्ताचा त्रास आहे, असं आईला सांगितलं. काकूचं ते वाक्य मला चारचौघांत तिच्याच घशात घालायचं होतं आणि श्राद्ध महिन्यावर आलं होतं.

मध्ये गणपतीत तो चुलतभाऊ डोंबिवलीला आमच्याकडे आला. चटणी बाजूला सारत म्हणाला, "ताई, मी पण तिखट सोडलंय हल्ली. मूळव्याध आपल्याकडे घरातच आहे ना." त्यालाही रक्त जातंय, हे मला कळलं. मी "हं" म्हटलं आणि त्याला आणखी एक मोदक वाढला.

श्राद्धाला काकू ठरल्याप्रमाणे बोलली. मी भरल्या पानावरून उठले आणि चिठ्ठी मोठ्याने वाचली. "तिखटाने नाही गेले बाबा. तुमच्या घराण्याच्या रक्ताने गेले. आता आईची माफी मागा."

काकूने आधी मुलाकडे पाहिलं. मग डाव खाली ठेवून आईपुढे हात जोडले. मला हवं ते मिळालं होतं.

आईने माझ्या हातातून कागद घेतला. "हे कधी आलं?"

"श्रावणात."

"म्हणजे तो गणपतीत आला तेव्हा तुला माहीत होतं."

मी पानावर परत बसले.

"ती अडाणीपणाने बोलायची. तुला सगळं माहीत होतं," आई म्हणाली आणि त्याला हाताला धरून पानावरून उठवलं.

आमची ऑपरेशनं एकाच महिन्यात झाली. त्याच्या एका गाठीत कॅन्सर निघाला, माझ्यात नाही. आई रोज आधी त्याच्याकडे डबा नेते, मग माझ्याकडे आणते. दोन्ही डब्यांत आमटी बिनतिखटाची असते.