गुरुवारची पुडी

मार्च लागला की आमच्या अमरावतीच्या घरातला उजेड हळूहळू कमी होत जातो. आधी गच्चीवरचा कूलर खाली येऊन समोरच्या खिडकीत बसतो. त्याच्या बाजूच्या फटी बाबा पुठ्ठ्याने बुजवतात. मग गॅलरीला हिरवी जाळी लागते. उरलेल्या खिडक्यांवर आई जुन्या चादरी ओढते. एप्रिलपर्यंत घर तळ्याच्या तळासारखं होऊन जातं. हिरवट, गार, ओल्या वाळ्याच्या वासाचं. बाहेर रस्ता पांढराफटक पडलेला असतो आणि आत मी भर दुपारी दिवा लावून लॅपटॉपसमोर बसलेली असते.

मला ते आवडायचं. मागच्या वर्षी तर फारच. पुण्यातली नोकरी सोडून मी घरी परत आले होते आणि घरूनच एका कंपनीसाठी शाळेच्या इंग्रजी पुस्तकांचे धडे तपासायचं काम करत होते. कूलरचा घुर्र आवाज सुरू झाला की घरातले सगळे आवाज लांब गेल्यासारखे वाटायचे. आई काही बोलली तरी तिचे ओठ आधी हलायचे आणि शब्द मागून यायचे. मी मान हलवायची. कामात दोन ओळी तपासून झाल्या की तिसरी पुसट व्हायची. झोप यायची, रात्रभर झोपलेली असूनही यायची. पोटऱ्या दुखायच्या. संध्याकाळी कुणी चाट आणली तर ती वाटीतच मऊ पडायची.

काही झालं नव्हतं. हेच सांगणं अवघड होतं. पुण्यात कुणी मला फसवलं नव्हतं, कुणी ओरडलं नव्हतं. एक दिवस ऑफिसच्या जिन्यात मी बराच वेळ नुसती बसून राहिले, आणि मग दुसऱ्या दिवशीही बसले. एवढंच. पहिलीपासून इंग्रजी शाळेत गेल्यामुळे मनातलं मला इंग्रजीतच सुचतं. आईशी बोलायच्या भाषेत माझ्याजवळ भूक, ताप, परीक्षा आणि भाजी काय करू, एवढंच सामान होतं. बाकीचं मी स्वतःशीच ठेवत आले होते.

माझ्याकडे नीट पाहिलं ते मोठ्या मावशीने. ती अकोल्याला जठारपेठेत राहते. फेब्रुवारीत एका लग्नासाठी आमच्याकडे उतरली होती. दोन दिवस तिने मला उठता-बसता पाहिलं आणि तिसऱ्या दिवशी चहा ओतता ओतता आईला विचारलं, “अवं, हे पोट्टी हासत काहून नाही?”

“लहानपणापासून तशीच आहे ते. अबोल,” आई म्हणाली.

“अबोल वेगळं. हे तं झोपेत चालल्यावानी चालून राहिली.” मग माझ्याकडे वळून, “पाय दुखते का वं तुहे?”

मी हो म्हटलं. पाय खरंच दुखत होते. आणि पायांबद्दल बोलणं सोपं होतं.

“मंग व्हिटॅमिन डी हाय,” मावशीने जाहीर केलं. “माहं नऊ आलं होतं. आमच्या बिल्डिंगीत सगळ्यायचं कमी हाय. वरच्या बाईचं सात, तर ते सांगत फिरते, जसं काही बक्षीस भेटलं. पुड्या घेतल्या अन् पाह्य आता मले, जिने चढतो मी.”

तिच्या ओळखीच्या डॉक्टरीणबाई अकोल्याला होत्या, म्हणून आम्ही तिथे गेलो. रक्त दिलं. माझंही नऊ आलं. मावशीने माझ्या खांद्यावर असा हात ठेवला, जणू मी तिच्या घराण्याचं नाव राखलं होतं.

डॉक्टरीणबाई साठीच्या, हळू बोलणाऱ्या होत्या. मावशीने सगळी हकिगत सांगितली. पोरगी जेवत नाही, हासत नाही, दिवसभर पडदे ओढून बसते. बाईंनी ऐकून घेतलं आणि मला विचारलं, “झोप लागते?” मी हो म्हटलं. “मन कसं असतं?” मी म्हटलं, “बरं.” आई माझ्या उजव्या हाताला बसली होती आणि मावशी डाव्या.

“कमी आहे, तर घ्यायलाच हवं,” त्या म्हणाल्या. “हाडांसाठी, स्नायूंसाठी. दुखणं कमी होईल. मनाचं मी असं छातीठोक सांगत नाही. कुणाला बरं वाटतं, कुणाला काही फरक पडत नाही. आठवड्यातून एक पुडी, आठ आठवडे. सकाळी थोडं उन्हात बसायचं, हात उघडे ठेवून. मग परत या.” आणि आम्ही उठताना माझ्याकडे बघून, “कधी एकटीनं यावंसं वाटलं तरी ये.”

येताना बसमध्ये आई खिडकीशी बसली होती. तिचा चेहरा मी कित्येक महिन्यांत एवढा सैल पाहिला नव्हता. मूर्तिजापूरच्या अलीकडे पळस फुलले होते. उघड्या शेतांमध्ये मधूनच एखादं झाड लालभडक, पान नसलेलं. आई म्हणाली, “पाह्य, व्हिटॅमिन निघालं. मी तं काय काय मनात आणत होती.” काय आणत होती ते तिने सांगितलं नाही. मला आतून सुटल्यासारखं झालं. एक आकडा मिळाला होता. त्याच्यामागे मी पूर्ण लपू शकत होते.

आई गुरुवारचा उपास करते. आठवड्यातून एकदाच घ्यायचं औषध विसरू नये म्हणून तिने गुरुवार ठरवला. आणि गुरुवार ठरला म्हटल्यावर बाकीचं आपोआप आलं. माझ्यासाठीही उपास. सकाळी अंघोळ करून, काही न खाता, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात पुडी कालवून, देवासमोर उभं राहून प्यायची. तिचं म्हणणं साधं होतं. उपासाच्या दिवशी पोट स्वच्छ असतं, औषध सरळ अंगाला लागतं. काढा नाही का आपण उपाशीपोटी घेत? ती पुडी फोडायची, बोटाने टिचकी मारून शेवटचा कण पाण्यात पाडायची आणि मी पिऊन होईपर्यंत डोळे मिटून उभी राहायची. पाण्यावर बारीक पांढरे कण तरंगायचे. गोडसर चव होती. समोर निरांजन, मागे कूलरची घुरघुर, आणि पोट रिकामं असल्यामुळे डोकं हलकं झालेलं. दिवसभर तो हलकेपणा टिकायचा. वस्तू जागच्या जागी असूनही किंचित वर उचललेल्या दिसायच्या.

दुसऱ्या गुरुवारी मी रिकामी पुडी फेकण्याआधी वाचली. वाचायची सवयच आहे, कामही तेच. मागच्या बाजूला बारीक इंग्रजी अक्षरांत लिहिलं होतं की दुधासोबत घ्यावी. मग मी फोनवर शोधलं. हे व्हिटॅमिन स्निग्ध पदार्थात विरघळतं, जेवणासोबत किंवा दुधातून घेतलं तर अंगात नीट उतरतं. उपाशीपोटी पाण्यातून घेतलं तर बरंचसं वाया जाऊ शकतं.

आई स्वयंपाकघरात भगर निवडत होती. तिला हाक मारून एवढं सांगायला अर्धं मिनिट लागलं असतं. मी पुडी चुरगळून कचऱ्यात टाकली आणि जाऊन कामाला बसले.

का सांगितलं नाही? तेव्हा मी स्वतःला म्हटलं की तिचा हिरमोड नको. पण ते खरं नव्हतं. पुड्या नीट लागल्या असत्या, आकडा भरून आला असता, आणि तरीही मी तशीच राहिले असते, तर? मग सगळे माझ्याकडे बघून विचारणार होते, आता काय झालं? त्या प्रश्नाची मला भीती वाटत होती. औषध अर्धवट राहणं माझ्या सोयीचं होतं. म्हणून आणखी सहा गुरुवार मी देवासमोर उभी राहून ते पाणी प्याले.

उन्हाचंही आईने मनावर घेतलं होतं. आमच्याकडे मुलगी घराबाहेर पडते ती डोक्यापासून कमरेपर्यंत गुंडाळून. स्कार्फ, कोपरापर्यंत हातमोजे, गॉगल. स्कूटीवरून जाणाऱ्या दहा जणींत आपली बहीण कोणती ते ओळखू येत नाही. आणि मी सकाळी नऊ वाजता गच्चीवर उघड्या हातांनी बसायची. लाज वाटू नये म्हणून आईने मला काम दिलं होतं. कुरडया घातल्या होत्या, त्यांची राखण. चटईवर पांढरी जाळीदार वर्तुळं, पलीकडे टाक्या, त्यापलीकडे पांढरं आभाळ. ऊन आधी मनगटांवर उतरायचं, मग कोपरांपर्यंत चढायचं. मी डोळे मिटले की पापण्यांच्या आत केशरी रंग पसरायचा. तिथे मला काही वाटायचं नाही. वाईटही नाही. एखाद्या वेळी त्या दहा मिनिटांसाठी मी सकाळची वाट पाहायची, हेही खरं आहे.

बाजूच्या गच्चीवरच्या काकू रोज कपडे वाळत घालताना पाहायच्या. एक दिवस राहवलं नाही त्यांना. “काहून वं, काळी पडशील ना! पाहुणे पाहाले येतीन तं काय सांगशील?”

आई पायऱ्यांवरून वर येत होती. “सांगन की उन्हात बसत होती म्हणून. डॉक्टरनं सांगतलं हाय. तुमचं किती हाय, तपासलं का तुमी?”

“माहं कायले कमी राहीन? जलम गेला गच्चीवर.”

“सगळे असंच म्हणते,” आई म्हणाली आणि माझ्याजवळ बसली. तिने कुरडईचा एक तुकडा मोडून माझ्या हातात दिला. “थोडं बरं वाटते ना आता?”

मी हो म्हटलं. तिने लगेच विश्वास ठेवला. ते मला जास्त लागलं.

एप्रिल संपता संपता आम्ही पुन्हा अकोल्याला गेलो. अकोल्यात ऊन वेगळंच. रिक्षातून उतरून दवाखान्याच्या पायऱ्या चढेपर्यंत जीभ सुकते. डॉक्टरीणबाईंनी नवा रिपोर्ट पाहिला. आकडा चौदावर आला होता, हवा होता तिसाच्या पुढे.

“आठही पुड्या घेतल्या?”

“हाव, एकही चुकवली नाही,” आई ताठ बसत म्हणाली. “दर गुरुवारी. सकाळी अंघोळ करून, उपाशीपोटी, तांब्याच्या भांड्यातल्या पाण्यात. मीबी जेवत नव्हती, तेबी नाही.”

बाईंनी रिपोर्ट आईच्या पुढ्यात सरकवला. मग त्यांना हसू आलं, टोचणारं नव्हतं ते, पण आलं. “अहो ताई, हे व्रत नाही हो. हे दुधासोबत घ्यायचं असतं, पोटात तेल-तूप काही असलं तर लागतं. त्यामुळं कमी उतरलं असेल. हरकत नाही, अजून आठ आठवडे घेऊ, या वेळी जेवण झाल्यावर.”

मला आणखी आठ आठवडे मिळाले होते. मागितल्याशिवाय मिळाले होते. मी आईकडे पाहिलं. ती हसली नव्हती. तिने रिपोर्टची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

मावशीच्या घरी जेवायला बसलो तेव्हा मावशीने सोडलं नाही. “तुही अक्कलबी गेली होती का वं उपासाले? मले फोन तं करायचा. मी तं शिऱ्यासंगं घेतली होती.” आई नेहमी उलट बोलते. त्या दिवशी मात्र तिने पोळीचा एक घास मोडला आणि ताटातच ठेवला. मावशी कढी आणायला आत गेली तेव्हा आई अगदी हळू म्हणाली, माझ्याकडे न बघता, “दोन महिने झाले. माह्याच्यानं तुह्ये दोन महिने गेले. लेकरू आतल्या आत सुकत होतं अन् मी पाणी पाजून राहिली होती.”

बाहेर जठारपेठेतला दुपारचा रस्ता गप्प होता. पडद्याच्या कडेतून एक उजेडाची पट्टी जमिनीवर पडली होती आणि तिच्यात धूळ संथपणे वर-खाली होत होती. मला वाटलं, मी गप्प राहिले तर हे सगळं असंच तरंगत राहील. आणि आई असंच समजत राहील की तिने केलं.

“मला माहीत होतं,” मी म्हटलं.

“काय?”

“दुधाचं. पुडीवर लिहिलं होतं. मी दुसऱ्याच गुरुवारी वाचलं होतं.”

तिला कळायला वेळ लागला. “मंग सांगतलं काहून नाही?”

“कारण त्यानं सगळं बरं होणारच नव्हतं, आई. पाय कमी दुखतात आता, ते खरं आहे. पण मला काही करावंसंच वाटत नाही. पुण्यापासून. पुण्याच्याही आधीपासून. गच्चीवर तू विचारलंस तेव्हा मी खोटं सांगितलं.”

मावशी कढीचं पातेलं घेऊन दारातच थांबली होती.

आई रागावेल असं मला वाटलं होतं, किंवा रडेल. तिने विचारलं, “मंग त्या डॉक्टरीणबाईले काहून नाही सांगतलं? विचारलं होतं ना त्यायनं.”

“तू बाजूला होतीस.”

हे बोलून झाल्यावर मला ते परत घ्यावंसं वाटलं. आईने ताटातला घास उचलून खाल्ला, त्यावर पाणी प्यायली आणि उठून हात धुतले. “चाल,” ती म्हणाली. “पाच वाजेपावतर बसते त्या. तू एकटी जाय अंदर. मी बाहेर बसतो.”

बाईंनी मला परत आलेली पाहून समोरच्या खुर्चीकडे हात केला. खोलीचं दार पातळ होतं. पलीकडच्या बाकावर कुणीतरी आईला विचारत होतं, कोणासाठी आल्या, शुगर हाय का. आणि आईचा आवाज आला, कूलरवरूनही ऐकू जाईल असा, जसा ती भाजीवाल्याशी बोलताना लावते. “नाही बाप्पा. माह्या पोरीसाठी आलो. तिचं मन लागत नाही म्हणते. लय दिवसाचं हाय, आता सांगतलं तिनं.”

सगळ्या दवाखान्याला कळलं. मी लाजेने खाली पाहिलं. आयुष्यभर जे मी कुणाला कळू दिलं नव्हतं ते माझ्या आईने अनोळखी बाईला बाकावर बसल्या बसल्या सांगून टाकलं होतं, आणि ती बाई म्हणत होती, “होते बाई, माह्या भाचीलेबी झालं होतं.”

डॉक्टरीणबाई थोडं हसल्या. “आवाज येतोय. दार घट्ट लावू?”

“राहू द्या,” मी म्हटलं, आणि पुण्यातल्या त्या जिन्यापासून सांगायला सुरुवात केली.