बाबांना ऐकू आलेली गाडी

आमच्या घरात 'भूत' या शब्दाला बंदी होती. भिंतीवर बावीस प्रतिज्ञा, आणि बाबा आनंदनगर एमआयडीसीत मेंटेनन्स फिटर – खोलून बघितल्याशिवाय कशावरही विश्वास ठेवायचा नाही असा माणूस. लहानपणी कुणी चिंचेच्या झाडाबद्दल काही सांगितलं, तर बाबा मला त्याच झाडाखाली नेऊन बसवायचे आणि शेंगदाणे खायला लावायचे. भुताखेतांच्या असल्या कॉलममध्ये मी कधी लिहीन असं वाटलं नव्हतं. 'भास झाला असेल' म्हणायचं तर खुशाल म्हणा. मीही वर्षभर तेच म्हणून बघितलंय.

उल्हासनगर कॅम्प पाचमध्ये आमचं घर. आई गेल्यापासून बाबा तिथं एकटेच. बहीण बदलापूरहून डबा आणि डोळ्यांची औषधं घेऊन यायची. मी नोकरीसाठी कोल्हापूरला... म्हणजे जबाबदारीपासून चारशे किलोमीटर लांब. काचबिंदूनं दोन्ही डोळे गेले तेव्हा बाबांनी आपली पांढरी पेट्रोल गाडी मला दिली. कंपनी बंद पडल्यावर हातात आलेल्या पैशांतून घेतलेली, सेकंडहॅन्ड. चावी देताना एवढंच म्हणाले, "विकू नको. मी असेपर्यंत तरी."

मी हो म्हणालो. हो म्हणायला काय जातं?

गाडी गल्लीत शिरली की बाबा आवाजावरून तिचं दुखणं सांगायचे. टॅपेट वाजतोय, बेअरिंग गेलंय... आणि गॅरेजवाला नंतर तेच सांगायचा. समोर सिंधी लछमनकाकांचं पापड-लोणच्याचं दुकान. तेही आवाज ओळखायचे. आवाज आला की आमच्या दारातली आपली स्कूटर हटवून जागा करून द्यायचे. मग बाबा बाहेर येणार, बॉनेटवर तळवा ठेवणार आणि गाडी कशी हाणली त्याबद्दल मला चार शब्द ऐकवणार. माझी चौकशी त्यानंतर.

ती गाडी मी स्क्रॅपला दिली. नवीन इलेक्ट्रिक गाडीवर सूट मिळत होती, ऑफिसात सगळे घेत होते, मलाही घ्यायची होती. यार्डात इंजिन काढून जमिनीवर ठेवलेलं आणि पत्रा गॅस कटरनं कापलेला मी स्वतः पाहिलाय. हे मुद्दाम सांगतोय. पुढचं वाचताना लक्षात ठेवा.

बाबा फोनवर विचारायचे, "गाडी काय म्हणते?"

"मस्त, बाबा."

मे महिन्यात पहिल्यांदा ती इलेक्ट्रिक घेऊन घरी निघालो. जुन्या गाडीनं सात तास लागायचे. पाच मिनिटांत टाकी फुल्ल, एक चहा, की थेट घर. यावेळी कऱ्हाडजवळ चार्जरला आधीच दोन गाड्या, म्हणून पाऊण तास नुसतं उभं राहणं, मग स्वतःचं चार्जिंग. पुण्याच्या अलीकडचं मशीन बंद. पुढच्या ठिकाणी भूक नसताना मिसळ खाल्ली, कारण करायला दुसरं काहीच नव्हतं. कुणी विचारलं तर मात्र 'एकदम स्मूथ' म्हणायचं, एवढं ठरलेलं. आणि स्मूथ होतीच, खोटं कशाला बोलू? आवाज नाही, थरथर नाही. एक्सप्रेसवेवर तर आपण चाललोय की नाही तेही कळत नाही.

त्याच शांततेत मला ती आयडिया सुचली. बाबांना दिसत नाही. गाडीला आवाज नाही. सांगायचं, एसटीनं आलो! किती सोपं होतं... आजही आठवलं की स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

तळोजा, नेवाळी नाका करत साडेचारला पोचलो. गल्लीत शिरलोच नाही, बाहेरच्या रस्त्यावर गाडी लावली आणि बॅग घेऊन चालत आलो.

बाबा दारात काठी टेकून उभे. आतून चहाचा वास. दारासमोरची जागा मोकळी, स्कूटर पलीकडे सरकवलेली.

लछमनकाका गल्ल्यावरून ओरडले, "अरे सतीश, आवाज आया तो मैंने स्कूटर हटाई. गाडी लावली कुठं तू?"

बाबा माझ्याकडे वळलेच नाहीत. पायरी उतरून त्या मोकळ्या जागेत गेले.

"टॅपेट परत वाजतोय बघ," असं म्हणून त्यांनी हात पुढे केला. बॉनेट असतं त्या उंचीवर तळवा थांबला. हवेत लटकलेला हात थोडातरी हलतो. तो हलत नव्हता. मग त्यांनी तो झटकन मागे घेतला.

"केवढी तापलीय! एसी फुल्ल ठेवून हाणलीस ना?"

मी दोन हातांच्या अंतरावर उभा होतो. मला ऐकू आलं – टिक... टिक... इंजिन बंद केल्यावर गार होताना लोखंड वाजतं ना, तसं. जागा सावलीत होती. आजूबाजूला लोखंडाची एकच वस्तू होती, ती स्कूटर, आणि ती दहा पावलांवर. मी हात पुढे करून बघू शकलो असतो. नाही केला. शेंगदाण्यांच्या संस्कारातलं पोर, पण माझी हिंमत झाली नाही.

घरात आल्यावर बाबांचा तळवा पाहिला. लाल झाला होता. मी टूथपेस्ट लावली. चहा कपात ओतून ठेवलेला होता, तो आम्ही प्यायलो. बाबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले,

"गाडी आली, ते कळलं मला. तू कशानं आलास?"

गाडी राहिली नाही, हे त्यांना माहीत होतं. कसं, ते मला माहीत नाही. बहिणीला मी काहीच सांगितलेलं नव्हतं. बाबांनी माझ्यासमोर दार सताड उघडं ठेवलं होतं, फक्त खरं बोलायचं होतं. रागावले असते, दोन दिवस बोलले नसते, संपलं असतं.

मी म्हणालो, "एसटीनं."

बाबांनी मान हलवली. "बरं."

त्यानंतर गाडीचं नाव त्यांनी कधीच काढलं नाही. फोनवर 'जेवलास का' एवढंच. दिवाळीनंतर ते गेले. निरोप आला तेव्हा चार्जिंग पुरेसं नव्हतं. बाहेरची गाडी ठरवून निघालो.

घर आवरायला अजून जातो. लछमनकाकांची स्कूटर आता आमच्या दारात नसते. विचारलं तर म्हणतात, "तिथं नको वाटतं, साईं. जगह भरी लगती है." मी माझी गाडी बाहेरच्या रस्त्यावर लावतो.

त्या आवाजाचं, त्या चटक्याचं उत्तर माझ्याकडे नाही. बाबा असते तर त्यांनी खोलून बघितलं असतं. पण मी 'एसटीनं' का म्हणालो, त्याचं उत्तर तरी कुठं आहे?