मिसळणाच्या डब्यातल्या गोळ्या

माझ्या सासूबाई गोळी घ्यायच्या ती फक्त धाकट्या जावेच्या हातची. तिच्या हाताला गुण आहे, असं त्यांचं म्हणणं. आता गोळीला साखर आणि बीपी कमी करायचं कळतं, हातगुण कसला कळतोय! डॉक्टरांकडं नेणारी मी, औषधं आणणारी मी, कचेरीत नोकरी करून चार इंग्रजी कागद वाचणारीही मीच. जाऊ कन्नड तालुक्यातल्या खेड्यातली, इंग्रजी अक्षराशी तिची ओळख नाही. पण सकाळचे आठ वाजले की सासूबाई पलंगावर बसून तळहात पुढं करायच्या आणि हाक मारायच्या ती तिला. मी समोर उभी असले तरी. माझ्या अंगाची आग व्हायची. एवढ्याशा गोष्टीसाठी कुणी जळतं का? मी जळायची.

तिची गोळ्यांची पद्धतही मला गावंढळ वाटायची. पट्टीवरचं नाव आणि तारीख ज्या टोकाला, ते टोक ती शेवटपर्यंत शिल्लक ठेवायची आणि गोळ्या दुसऱ्या बाजूनं फोडायची. मेडिकलवाल्यानं पट्टी कापून दिली तर नावाचा तुकडा मागून घ्यायची. रिकाम्या पट्ट्यासुद्धा, नव्या पट्टीशी ताडून बघायला, एका खाकी पाकिटात जपून ठेवायची. केवढा तो पसारा, असं मी नवऱ्याला दहादा ऐकवलं होतं.

एकदा ती आठ दिवस माहेरी गेली. एसटीत बसताना तिनं मला गोळ्या पुन्हा समजावून सांगितल्या, तेवढ्यानंही मला राग आला. मला शिकवते! घरी आल्या आल्या मी नवा मिसळणाचा डबा काढला. सगळ्या गोळ्या पट्ट्यांतून फोडून त्याच्या वाट्यांत भरल्या, प्रत्येक वाटीवर चिठ्ठी चिकटवली. पट्ट्या आणि ते खाकी पाकीट दुसऱ्या दिवशी घंटागाडीत टाकलं. डबा इतका नीटनेटका दिसत होता की ती आल्यावर तिचं तोंड कसं होईल, याचीच मी वाट बघत होते.

तिसऱ्या दिवशी सकाळी फळीवरून डबा काढताना तो कलला. हळद तिखटात सांडावी तशा गोळ्या वाट्या बदलून बसल्या. साखरेची पांढरी, गोल. बीपीची पांढरी, गोल. सासूबाईंचा हात पुढं आलेला होता. जावेऐवजी माझ्यापुढं आलेला पहिलाच आठवडा तो. आता मला ओळखू येत नाही, हे मी कोणत्या तोंडानं सांगणार? अंदाजानं दोन उचलल्या आणि दिल्या.

अकराच्या सुमाराला त्या घामानं भिजल्या. हात थरथरायला लागले, बोलणं जड झालं. दोन्ही गोळ्या साखरेच्या गेल्या असाव्यात, हे माझ्या लक्षात आलं. डॉक्टरांचा फोन कुणी उचलेना. जावेला विचारणं एवढंच उरलं होतं. तो फोन लावायला मी पाच मिनिटं घालवली. सासूबाई माझ्यासमोर थरथरत होत्या आणि मी विचार करत होते की जावेला काय वाटेल. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

डब्याचं सगळं मी तिला सांगितलं. तिनं एक शब्द जास्तीचा विचारला नाही. "आधी साखरेचं पाणी पाजा, गिळतायत तवर," ती म्हणाली. "मग रिक्षा करून दवाखान्यात न्या. अन् ताई, डब्यातली एकबी गोळी आता देऊ नका. नाव नसलेली गोळी म्हंजे काय बी असू शकतं."

सासूबाई वाचल्या. संध्याकाळपर्यंत दवाखान्यात ठेवून घेतलं. मेडिकलवाल्यानं डबा बघून मान हलवली आणि सुट्या गोळ्या ओळखून द्यायला साफ नकार दिला. सगळ्या टाकून द्या, म्हणाला. मी नव्या पट्ट्या घेतल्या.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीनं जाऊ परत आली. कुणाच्या चुकीनं झालं ते तिनं दिराला सांगितलं नाही, माझ्या नवऱ्यालाही नाही. सांगितलं असतं तर निदान भांडता तरी आलं असतं. रात्री जेवणाआधीच्या गोळीची वेळ झाली तशी तिनं पट्टी घेतली, नाव माझ्याकडून मोठ्यानं वाचून घेतलं, गोळी फोडून माझ्या हातात ठेवली आणि म्हणाली, "आज तुम्ही द्या."

मी पुढं झाले. सासूबाईंनी माझ्या हातची गोळी घेतली, तळहातावर धरली. मग माझ्या खांद्यावरून मागं, तिच्याकडं बघितलं. तिनं होकारार्थी मान डोलावल्यावर मगच त्यांनी गोळी तोंडात टाकली.