दोरावर माणूस असताना

"दोरावर माणूस असताना बोलायचं नसतं."

मामाने हे तिला एकदाच सांगितलं होतं, ती आठ वर्षांची असताना. शाळेत पहिला नंबर आला म्हणून प्रगतिपुस्तक नाचवत ती थेट खाणीच्या इंजिनघरात घुसली होती. मामा उंच खुर्चीवर बसलेला, एक हात ब्रेकच्या दांड्यावर, नजर समोरच्या मोठ्या तबकडीवर. तबकडीचा काटा सांगायचा की दोराला टांगलेला, माणसं भरलेला लोखंडी पाळणा जमिनीखाली किती खोल आहे. तिने दहा हाका मारल्या. मामाची मान वळली नाही, पापणी हलली नाही. काटा वर येऊन थांबला, बाहेर पाळण्याचं दार खडखडलं, माणसांचे आवाज आले, तेव्हा कुठे त्याने तिच्याकडे पाहिलं आणि तेवढं एक वाक्य बोलला. पहिल्या नंबरचं कौतुक राहूनच गेलं. ती रडत घरी आली आणि मामीला म्हणाली, तुझा नवरा दगड आहे.

"दगड असता तर कंपनीने केव्हाच खणून नेला असता," मामी म्हणाली आणि तिचं नाक पुसलं.

आता ती पन्नाशीची होती आणि त्याच मामाला आपल्या घरी न्यायला आली होती. बस घाट चढून शेवटच्या थांब्यावर टेकली तेव्हा आत तीनच माणसं होती: ड्रायव्हर, कंडक्टर आणि ती. कंडक्टरने तिची बॅग खाली दिली आणि विचारलं, इथे कोण राहतं अजून? ती म्हणाली, माझा मामा. त्याने असं पाहिलं की जणू तिने एखाद्या जुन्या आजाराचं नाव सांगितलं.

खाण बंद पडून बावीस वर्षं झाली होती. चालू होती तेव्हा गावात रात्रंदिवस काहीतरी धडधडत असे आणि माणसं ओरडूनच बोलत. आता ओरडायची गरज उरली नव्हती, पण खोड गेली नव्हती. रस्त्यात दोन म्हातारे भेटले की तब्येतीची चौकशी चार घरांना ऐकू जायची, आणि मग पुन्हा सगळं चिडीचूप. बारमाही उकाडा आणि ओल असलेल्या त्या मुलखात रान कोणाला विचारून वाढत नाही. हजेरीच्या खोलीच्या छपरातून एक झाड बाहेर आलं होतं. माल वाहायच्या लोखंडी डब्यात कोणीतरी पपई लावली होती. खणलेला मोठा खड्डा पाण्याने भरून हिरवा झाला होता; त्यात ढग दिसत, तळ दिसत नसे. पाळण्याचा मनोरा तेवढा उभा होता, वेलींनी कमरेपर्यंत गिळलेला, माथ्यावर एक न फिरणारं चाक.

कंपनीची घरं रांगेने होती, दोन संसारांत एक भिंत. मामा दारातच उभा होता. एकोणऐंशी वर्षांचा, वाळून निम्मा झालेला, पण दाढी गुळगुळीत.

"आलीस, भिंगरी?"

त्या नावाने हाक मारणारं जगात आता एवढं एकच माणूस उरलं होतं. तिने बॅग उगाचच जोरात आपटली.

शेजारच्या घंटीकाकांनी तिला फोन केला होता. महिन्यापूर्वी मामा पाण्याच्या टाकीपाशी पडला होता आणि अर्धा तास तिथेच पडून होता. हाक मारली नाही. काकांनी विचारलं, अरे, ओरडायचं नाही का? तर म्हणाला, तुम्ही जेवत असाल. मामी जाऊन नऊ वर्षं झाली होती, मूलबाळ नव्हतं. तिच्या घरी खालच्या मजल्यावर खोली रिकामी होती. तिने रंगसुद्धा लावून घेतला होता. शाळेच्या ऑफिसातून तीन दिवसांची रजा काढली होती. परवा सकाळी दहाची बस, आणि त्या बसमध्ये मामा. असं ठरवून आली होती खरी.

पण मनात एक काटा होता, आणि तो सदतीस वर्षं जुना होता.

वडील गेल्यावर ती आणि आई मामाकडे आल्या त्या सहा वर्षं राहिल्या. मग आईला शहरात शिवणकामाची नोकरी मिळाली. निघायच्या दिवशी मामा थांब्यावर आला होता. मामी रडली, शेजारणी रडल्या. मामाने थांब्याचा लोखंडी खांब एका हाताने धरला आणि तो रस्त्याकडे बघत राहिला. ये म्हणाला नाही, जा म्हणाला नाही, हातसुद्धा हलवला नाही. घाटभर आई पदराने डोळे पुसत एकच म्हणत होती, एक शब्द तरी टाकायचा होता गं दादाने. पुढे हिच्या लग्नाला मामी एकटी आली. मामाची पाळी होती म्हणे. आईने तेव्हाही खूणगाठ बांधली, आपण दादाला जड झालो होतो. चार वर्षांपूर्वी ती गेली, तीही हे मनात घेऊनच. मग ज्याने आपल्याला जाऊ दिलं त्याला आपण कुठल्या तोंडाने चल म्हणायचं? आणि तो आला, तर उपकार म्हणून येईल की अडचण म्हणून?

त्या संध्याकाळी तिने मामाला सगळं समजावलं. दवाखाना घरापासून दोन मिनिटांवर, जिने नाहीत, नातवंडांना आजोबा हवेत. तिचा नवरा तर म्हणालाय, मामांना आणल्याशिवाय येऊ नकोस, निदान माझ्या बाजूने बोलायला घरात कोणीतरी होईल. मामा दाराच्या बिजागरीला तेल घालत होता. प्रत्येक मुद्द्याला त्याने एकच उत्तर दिलं, बघू. ती चिडली. म्हणाली, बघू बघू करत एक दिवस डोळे मिटशील. मामाने दार उघडून मिटून पाहिलं. ते वाजलं नाही, तेव्हा त्याला बरं वाटलेलं दिसलं.

दिवेलागणीला भिंतीवर दोन ठोके पडले. मामा उठला, बोटाच्या पेराने त्याने दोन ठोके परत दिले आणि येऊन बसला.

"हे काय?"

"शेजारी आहे," मामा म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो तिला न सांगता निघाला आणि ती न विचारता मागे गेली. इंजिनघराला कुलूप नव्हतं. न्यायला काही उरलंच नव्हतं. दोर गुंडाळायचं भलंमोठं पिंप गंजून मातकट झालं होतं, त्यावर कोळ्यांनी आपले दोर ताणले होते. खुर्चीची गादी उंदरांनी नेलेली. पण तबकडीची काच स्वच्छ होती. मामाने खिशातून फडकं काढलं, काच पुसली आणि खुर्चीवर बसला. काटा शून्यावर होता. बाहेर, खाणीच्या तोंडावर, सिमेंटचा जाड थर टाकून वर हवेसाठी एक नळी ठेवली होती. नळीच्या तोंडाशी एक बेडूक बसला होता, साहेबासारखा.

"खाली कसं होतं रे मामा?"

"मला काय माहीत? मी कधी गेलोच नाही."

तिला वाटलं तो चेष्टा करतोय. एकतीस वर्षं रोज शेकडो माणसं खाली सोडणारा आणि वर काढणारा हा माणूस, एकदासुद्धा नाही?

"मी खाली गेलो तर पाळणा कोणी चालवायचा?" मामा म्हणाला, आणि तिला हसावं की काय करावं ते कळेना. दुसरेही ड्रायव्हर होते, पाळ्या होत्या, सुट्ट्या होत्या. पण त्याच्या चेहऱ्याकडे पाहून तिने ते बोलून दाखवलं नाही.

दुपारी मामाचा डोळा लागल्यावर ती पलीकडे घंटीकाकांकडे गेली. काकांनी सव्वीस वर्षं खाणीच्या तोंडाशी उभं राहून घंटी वाजवली होती. एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चालू दे, तीन म्हणजे पाळण्यात माणसं आहेत, जपून. इंजिनघरातल्या ड्रायव्हरने तेवढेच ठोके परत द्यायचे, म्हणजे ऐकलं. काका आता ओट्यावर बसून सुनेने दिलेले वाटाणे सोलत होते आणि निम्मे खात होते.

तिने रडगाणं गायलं. सगळं सांगून झालं, मामा हलत नाही.

"हलेल कसा? तू बोलतेयस," काका म्हणाले. "तो बोलण्यावर हलणारा माणूस नाही. एकदा कंपनीचा बडा साहेब इंजिनघराच्या दारात येऊन ओरडला, खाली सोड, मला घाई आहे. हा ढिम्म. साहेब लालबुंद झाला, नोकरी घालवीन म्हणाला. हा तबकडीकडे बघत बसला. मग मी घंटी दिली, आणि पाळणा लोण्यासारखा खाली गेला. तोंडाच्या शब्दावर दोर हलवला की माणसं मरतात, पोरी. हे त्याच्या हाडात मुरलंय."

मग काकांनी आपणहून ती जुनी गोष्ट काढली. त्या दिवशी थांब्यावर तेही होते. "बस गेली तरी हा खांब धरून उभा. सगळे घरी गेले. घाटाची वळणं तिथून दिसतात, सपाटीपर्यंत. मी म्हटलं, चल. बोलेना. पाऊण तास उभा होता तो. अगदी खाली, मुंगीएवढी बस सपाटीला लागली, तेव्हा खांब सोडला. हाताला वळ उठला होता."

"काही बोलला?"

"बोलला ना. म्हणाला, पोचल्या."

आईला हे कळायला हवं होतं, असं तिला वाटलं, आणि आता ते कळवायला जागा नव्हती.

"आणि येत का नाही ते मला विचार," काका पुढे म्हणाले. "त्याला वाटतं, तो गेला तर संध्याकाळी माझ्या ठोक्याला उत्तर कोण देणार. वेडा आहे. माझी सून दिवसाला चार भांडी पाडते. मला ठोक्यांची काय ददात?"

आतून सून म्हणाली, "तीनच पाडते." काका हसले, पण वाटाणे सोलणारी त्यांची बोटं थांबली होती. रिकाम्या सालीत ती पुन्हा पुन्हा काहीतरी शोधत होती.

त्या संध्याकाळी तिने दवाखान्याचं नाव काढलं नाही, नातवंडांचं नाही, खोलीचं नाही. स्वयंपाक केला, मामाला वाढलं, भांडी आवाज न करता घासली. दोन ठोके आले, दोन गेले. मामा तिच्याकडे मधूनमधून चोरून बघत होता. एवढी बडबडी बाई अचानक गप्प झाली तर कोणालाही काळजी वाटेल. शेवटी तिने एकच विचारलं.

"मामा, आम्ही गेलो त्या दिवशी तू तो खांब कशाला धरला होतास?"

मामाने आपला उजवा हात उलटा करून पाहिला. तळव्यावरच्या रेषा ब्रेकच्या दांड्याने केव्हाच पुसून टाकल्या होत्या.

"उतार होता," तो म्हणाला.

ती उठली आणि त्याच्या पायांवर पांघरूण नीट केलं, ते नीटच होतं तरीही.

सकाळी ती आवरून बसली. दहाला बस. मामाने दाढी केली, चहा घेतला, कप धुऊन पालथा घातला. मग तो भिंतीलगतच्या खुर्चीवर बसला, पाठ ताठ, हात मांडीवर. तिची बॅग दारात होती. चल, हा शब्द तिच्या दातांपाशी येऊन उभा राहिला होता. तिने ओठ मिटून घेतले. घड्याळात साडेनऊ झाले. नऊ पस्तीस. बाहेर रस्त्यावर कोणी कोणाला मोठ्याने विचारलं की गुडघा कसा आहे, आणि दुसऱ्याने सांगितलं, आहे तिथेच आहे.

तिने बॅगेचा पट्टा खांद्याला लावला. वाकून नमस्कार करायचा, एकटीनेच निघायचं आणि बसमध्ये मागच्या खिडकीशी बसायचं, म्हणजे थांबा शेवटपर्यंत दिसेल. एवढं तिने ठरवलं होतं.

तेवढ्यात भिंतीवर ठोका पडला. मग दुसरा. तिला वाटलं, संध्याकाळचे ते दोन, आज सकाळीच. मामाचीही मान खाली गेली.

आणि तिसरा पडला.

मामाने वर पाहिलं. भिंतीपलीकडे काही हालचाल नव्हती. पलीकडचा माणूसही कान लावून उभा असणार. मामा बराच वेळ भिंतीकडे पाहत राहिला, तबकडीकडे पाहत असे तसा. रंगाचा पोपडा उडालेल्या, दोन्ही बाजूंनी वर्षानुवर्षं वाजवून त्या एका जागी खळगा पडलेल्या भिंतीकडे. मग तो उठला. बोटाच्या पेराने त्याने एक ठोका दिला. थांबला. दुसरा दिला. तिसरा देताना त्याने अख्खा तळवा भिंतीवर टेकवला आणि तो तसाच ठेवला, चुना बोटांना लागेपर्यंत.

पलीकडे कोणीतरी नाक शिंकरलं. एक भांडं पडलं.

मामा वाकला आणि त्याने खाटेखालून एक कापडी पिशवी ओढली. पिशवी भरलेली होती, तोंड सुतळीने बांधलेलं, गाठीवर धूळ बसलेली. किती दिवस तयार होती कोण जाणे. वर ते तेलकट फडकं खोचलेलं होतं. त्याने चपला घातल्या. दार उघडलं, ते वाजलं नाही. उंबऱ्यापाशी तो क्षणभर थांबला आणि त्याने तिच्याकडे पाहिलं. इंजिनघरात, काटा शून्यावर आल्यानंतर, पाहिलं होतं तसंच. तिचे ओठ हलले, पण तिने आवाज येऊ दिला नाही.

मामाने पिशवी डाव्या हातात घेतली, उजवा हात तिच्या खांद्यावर घट्ट रोवला आणि एक शब्दही न बोलता तो बाहेर पडला.