अक्कांबरोबर मंजण्णांच्या दारी

लेखकाने स्वतःविषयी कमी बोलावे, असे या गौरवग्रंथाच्या संपादकांनी बजावले आहे. माफ करा, जमणार नाही. श्रीमती रूथ साळवे, आपल्या सर्वांच्या रूथअक्का, यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. पण त्यांच्याविषयी सांगायचे तर माझे पाप सांगितल्यावाचून गत्यंतर नाही.

नगरहून मी बंगळुरूला आलो, तेव्हा पीण्या या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात अक्का तपासणी विभागाच्या प्रमुख होत्या. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "रविवारी चर्चमध्ये मराठी उपासनेला ये. नंतर घरी जेवायला ये, म्हणजे नक्की येशील!" मी जेवणासाठीच गेलो, हे कबूल करतो. आमच्या मंडळीत अक्कांनी एक रीत घातली आहे. प्रभुभोजनाआधी, ज्याच्याशी बिनसले असेल त्याच्याकडे उठून जायचे, त्याचा हात धरायचा आणि मगच भाकर घ्यायची.

एका शनिवारी घरी पळायच्या घाईत मी पेटीभर बुश, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या धातूच्या छोट्या नळ्या, मापे न घेताच 'तपासले' म्हणून सही ठोकली. गिऱ्हाइकाने पेटी परत पाठवली. माझी पाचावर धारण बसली. ते बुश लेथवर कातणाऱ्या मंजण्णांनी तपासणीनंतर वाईट माल मिसळला, असे मी धडधडीत खोटे सांगितले. अक्कांनी माझ्यावर विश्वास ठेवून अहवालावर सही केली आणि मंजण्णांची नोकरी गेली.

पुढे तीन महिने प्रभुभोजनात भाकरीची थाळी आली की मी ती नुसतीच पुढे सरकवायचो. अक्कांनी ते पाहिले होते. शेवटी एका रविवारी त्यांच्या स्वयंपाकघरात मी रडत सगळे सांगून टाकले. मला वाटले, आता आपली धडगत नाही. अक्कांनी गॅस बंद केला. "अरे देवा! मग सही माझीही आहे. चल, दोघे जाऊ."

घराच्या दारात उभ्या मंजण्णांनी माझ्याकडे पाहिलेही नाही. अक्कांना कन्नडमध्ये म्हणाले, "मॅडम, चूक याची. तुम्ही का आलात?"

"मी तुम्हाला एका शब्दानेही विचारले नाही, म्हणून," असे म्हणून अक्कांनी हात जोडले. मला तर मान वर करवेना. मंजण्णा "सरी," म्हणजे 'बरं', एवढेच म्हणाले आणि कॉफीचा पेला माझ्यापुढे सरकवला. सोमवारी अक्कांनी मालकांना खरे सांगितले. मंजण्णा कामावर परतले. माझी बढती गेली, ती जायलाच हवी होती.

पुढच्या प्रभुभोजनालाही माझा हात मागेच राहिला. थाळी धरून अक्का हळूच म्हणाल्या, "घे रे. हे शहाण्यासुरत्यांसाठी नाही, भुकेल्यांसाठी आहे." मी घेतली. कृपा हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आलो होतो, पण त्या दिवशी ती मला मिळाली आणि आत खरोखर उजेड पडला.

परमेश्वराने अक्कांना शंभरी गाठू द्यावी, गुडघे धड ठेवावेत. यात माझा स्वार्थ आहे. अजून दोन दारे अशी आहेत, जिथे एकट्याने जाण्याची माझी छाती होत नाही.