जगन्नाथभावोजींची गळकी टाकी

माझा स्वभाव संशयी आहे, हे आधीच सांगून टाकते. दूधवाला रोजच्यापेक्षा लवकर आला तरी मला वाटतं, ह्यात काहीतरी आहे. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीच्या, सावित्रीच्या नवऱ्याने वसईतल्या सांडोरच्या वाडीत विमान बांधायला घेतलं, तेव्हा सगळ्यात आधी कान टवकारले ते मीच. माझं घर त्यांच्या वाडीला लागूनच, मध्ये फक्त केळींची एक रांग.

जगन्नाथभावोजी सांताक्रूझला एका विमान कंपनीच्या वर्कशॉपात पत्र्याचं काम करायचे. रिटायर झाल्यावर म्हणाले, जन्मभर दुसऱ्यांची विमानं ठोकली, आता एक आपलं. अमेरिकेहून नकाशे मागवले, केळी ठेवायची जुनी वखार रिकामी केली आणि चौऱ्याण्णव साली कामाला लागले. दोन माणसांचं इवलंसं विमान. पलीकडच्या वाडीतल्या प्लासिडने गावभर करून टाकलं की जगन्नाथ दुबईहून सोनं आणणार. बाँबस्फोटांनंतर किनाऱ्यावर कडक पहारा होता, त्यामुळे एक हवालदारही येऊन गेला. पंख अजून लागायचे आहेत हे बघून त्याने चार वेलची केळी खाल्ली, आणखी डझनभर बांधून घेतली आणि तो गेला. मला प्लासिडचं पटलं नव्हतं, पण भावोजींवर माझा विश्वास होता असंही नाही.

सावित्री त्या वखारीत पाऊल टाकत नसे. तिकडे माझी सवत राहते, म्हणायची. भावोजींनी सुरुवातीलाच सांगून ठेवलं होतं की विमानातली उजवीकडची खुर्ची सावित्रीची. ती म्हणाली, मेले तरी बसणार नाही. भावोजींनी तो शब्द धरून ठेवला आणि तिने तो मागे घेतला नाही. मुलं आपापल्या संसाराला लागलेली. घरात बोलणं उरलं ते पान वाढलंय आणि दिवा मालवा एवढंच.

विमान होत आलं तशी भावोजींनी ती उजवी खुर्ची उचकटून बाहेर काढली आणि त्या जागी बसेल अशी ॲल्युमिनियमची मोठी टाकी करायला घेतली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं. ते म्हणाले, मूळच्या टाकीवर विमान जेमतेम दोन तास उडेल, ही जोडली की सहा तास. वसईवर एक चक्कर मारून खाली यायला सहा तासांचं पेट्रोल कशाला लागतं? मला रात्रभर झोप नाही.

उत्तर मिळालं ते फोनवर. त्या वेळी फोन आमच्याकडे होता आणि भावोजींचे फोनही आमच्याचकडे यायचे. कोइमतूरहून त्यांचा एक जुना सोबती बोलत होता. तिकडे त्याची मोकळी धावपट्टी होती, छोटी विमानं दुरुस्त करायचं त्याच्या मनात होतं. मी भाजी निवडत होते, ऐकत नव्हते, पण भावोजींचा आवाजच मोठा. शेवटी ते म्हणाले, "टंकी लगा के आता हूँ। नहीं, अकेला। इधर कौन पूछता है।"

लोकांच्या भानगडी हुंगत फिरणं वेगळं आणि आपल्या बहिणीचा संसार मोडताना ऐकणं वेगळं. मी तशीच उठून सावित्रीकडे गेले. ती उन्हात वाळवायच्या सुकेळ्यांसाठी राजेळी केळी सोलत बसली होती. मी सगळं सांगितलं. तिचा हात थांबला नाही.

"टाकी झाली की जातील म्हनजे," एवढंच ती बोलली.

टाकी झाली. पण पेट्रोल भरण्याआधी ती गळत नाही ना हे बघावं लागतं. भावोजींनी ती विमानात बसवली, काठोकाठ पाण्याने भरली, आत बांबूची कांब बुडवून पाण्याच्या पातळीवर खूण केली आणि दिवसभर तशीच ठेवली. संध्याकाळी पाणी खुणेखाली. दुसऱ्या दिवशीही तेच. त्यांनी टाकी उपसली, सांधे खरवडले, ते बुजवायचा नवा मसाला भरला, तो वाळू दिला आणि परत भरली. परत पाणी खाली. पावसाळा आला, गेला, दसऱ्याला विमानाला झेंडूचा हार चढला, तरी टाकी गळतच होती. प्लासिड म्हणाला, जगन्नाथचा हात गेला. मला मात्र चैन पडेना. ज्या माणसाच्या हातचे पत्रे घेऊन विमानं समुद्रापार जात होती, त्याला एक टाकी जमू नये?

मग एका दुपारी मला तुळस दिसली. सावित्रीच्या अंगणातल्या वृंदावनात माती ओली होती. आमच्यात तुळशीला पाणी घालतात ते सकाळी, आंघोळ झाल्यावर. भर दुपारी कोण घालतं? दुसऱ्या दिवशी मी केळींच्या आड उभी राहिले. भावोजी जेवून आडवे झाले तशी सावित्री पूजेचा तांब्या पदराखाली घेऊन वखारीत शिरली. टाचा उंच करून तिने टाकीचं झाकण काढलं, हात आत घालून तांब्या भरला आणि बाहेर येऊन तुळशीला घातला.

मी तिला गाठलं. ती दचकलीसुद्धा नाही.

"फुकट नाय घालवत मी ते पानी," ती म्हणाली. "नवऱ्याची चोरी करते, निदान देवाला तरी पोचू दे."

मी तिची बहीण. मी तोंडाला कुलूप लावलं, आणि ते माझ्यासारखीला किती जड जातं हे मलाच माहीत. पण आठवड्याभरात भावोजींनीच मला हाक मारली. वखारीत नेलं आणि टाकीखालच्या जमिनीवर बोट ठेवलं. कोरडी ठणठणीत होती.

"गळती असती तर इथे ओल आली असती, आशा," ते म्हणाले. "ओल येते ती तुळशीत."

मी विचारलं, कधीपासून माहीत आहे? म्हणाले, पहिल्या दिवसापासून. मग सांधे कशाला खरवडता, मसाला कशाला फुकट घालवता? ते बराच वेळ कांब पुसत राहिले.

"पाच वर्षांत ती एकदाही इकडे आली नव्हती," ते म्हणाले. "आता रोज येते."

मला रडू आलं. मी ते लपवलं नाही.

दुसऱ्या दिवशी सावित्री धापा टाकत माझ्याकडे आली, तांब्या रिकामाच. वखारीत, ती टाचा उंच करून उभी राहायची बरोबर तिथे, कोणीतरी पाट ठेवला होता. तिच्या लग्नातला, पितळी फुल्यांचा, एरवी माळ्यावर असणारा. मी म्हटलं, मला काय माहीत. तिने माझ्याकडे नीट पाहिलं. मग पदर खोचला आणि परत गेली, आणि मी अर्थातच तिच्या मागोमाग जाऊन वखारीच्या कुडाला कान लावला.

भावोजी त्या दिवशी झोपले नव्हतेच, आत होते. सावित्रीने तांब्या आपटल्याचा आवाज आला. मग पाट सरकल्याचा. ती बसली असावी.

"कुटं जानार होता?" तिने विचारलं. इतक्या महिन्यांत हे त्यांना तोंडावर कोणी विचारलंच नव्हतं. मीसुद्धा नाही.

"कोइमतूरला," भावोजी म्हणाले. "कायमचा."

मला वाटलं, संपलं सगळं.

"मग?" सावित्री म्हणाली.

"मग काय," भावोजी म्हणाले. "टाकी गळते. कसा जाणार?"