एका मीटरने आज्ञाधारक नदी

पुलाच्या तिसऱ्या खांबावरची मोजपट्टी रंगवताना रंगाऱ्याने सहाचा आकडा दोनदा काढला आणि त्या दिवसापासून नदी पट्टीपुरती एका मीटरने आज्ञाधारक झाली. चूक ध्यानात आली ती फक्त पाण्याची पातळी कळवणाऱ्या मोजणीदाराच्या. वर कळवायचे तर अर्ज आला, अर्जामागे चौकशी, चौकशीत ‘रंगकामावर देखरेख कोणाची?’ हा प्रश्न. आणि देखरेख त्याचीच होती. त्या दुपारी तो खांबाच्या सावलीत घोरत पडला होता. तेव्हा त्याने शहाणपणाची वाट धरली: वरच्या सहापासून पुढे मनातल्या मनात एक मिळवायचा आणि मग आकडा कळवायचा. अकरा वर्षे पूरनियंत्रण कक्षाच्या संगणकाने त्या आकड्यांवर बिनचूक भाकिते केली. शाबासकी अर्थातच संगणकाला मिळाली.

निवृत्तीनंतर त्याची जागा जावयाला मिळाली. वशिल्याने नव्हे, दुसरा अर्जदारच नव्हता. जावई सरळमार्गी, दिसेल तेच कळवणारा. सासऱ्याने त्याला दुर्बीण दिली, छत्री दिली, उपदेश तर पोतेभर दिला. तेवढा एक मिळवायचा मात्र सांगितला नाही. जावयापुढे अब्रूचा प्रश्न होता.

धरणाचे दरवाजे उघडले त्या दिवशी जावयाचा फोन आला.

“बाबा, निवांत राहा. पाणी सातवर आहे. भोंगा आठला वाजवायचा. कक्षवाले म्हणतात, याच्या वर चढणार नाही.”

“पट्टीवर सात?”

“मग काय कपाळावर?”

खालच्या आळीत, नदीला अगदी खेटून, याच जावयाच्या घरी त्याची लेक नांदत होती.

“आठ झालेत. भोंगा वाजव.”

“डोळे माझे आणि आकडा तुमचा?”

“अरे, पट्टीवर सहा दोनदा काढलाय! एक मिळव!”

फोनवर ‘सात अधिक एक’ असे पुटपुटणे ऐकू आले. मग जावई, आदर शक्य तितका राखून, म्हणाला, “बाबा, धन्य आहात!” आणि भोंगा वाजला.

आळी शाळेच्या वरच्या मजल्यावर पोहोचली तोवर पाणी उंबरे ओलांडून घरांत शिरले होते. माणसे सगळी वर आली होती. तोही तिथे आला, तेव्हा विहीणबाई शिलाईमशीन कवटाळून बाकावर बसल्या होत्या.

“व्याहीबुवा, अकरा वर्षं एकट्यानेच बेरीज केलीत?”

“हो.”

“आम्हालाही येते हो बेरीज. नुसतं सांगायचं होतं.”

विहीणबाईंनी सरकून त्याला बाकावर जागा दिली आणि मशीन त्याच्या मांडीवर ठेवले.